पित्तनलिकेतून रक्तात उतरणारा जंतुसंसर्ग: कॅन्सरच्या रुग्णाच्या घरचे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यापासून ओळखीतल्या मराठी घरांतून फोन येतात आणि बहुतेक फोन एकाच गोष्टीचे असतात: "ताई, आईला स्टेंट घातलाय, आता थंडी वाजून ताप आलाय, काय करू?" स्टेंट म्हणजे गाठीने दाबलेली पित्तनलिका उघडी राहावी म्हणून आत बसवलेली नळी. पित्ताशयाचा कॅन्सर उत्तर भारतात, विशेषतः गंगा-यमुनेच्या पट्ट्यात, देशाच्या इतर भागांपेक्षा बराच जास्त दिसतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे फार घरांत येतो. फोनवर रात्री जे सांगते, तेच इथे सवडीने लिहिते आहे. हे वाचून घरी उपचार करायचे नाहीत, वेळेत निघायचं कधी ते ओळखायचं आहे.

कॅन्सर पित्ताशयाचा आहे, मग रक्तात जंतू आले कुठून?

आपलं यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनलिकेतून आतड्यात उतरतं. आतड्यात जंतू भरपूर असतात, पण नलिकेच्या तोंडाशी स्नायूंची एक झडप असते आणि वरून पित्त सतत वाहत असतं, त्यामुळे जंतू वर चढू शकत नाहीत. निरोगी माणसाच्या पित्तात जंतू जवळजवळ नसतातच.

पित्ताशयाची, स्वादुपिंडाच्या डोक्याची किंवा खुद्द पित्तनलिकेची गाठ ही वाट दाबते. कधी मोठ्या आतड्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कॅन्सरच्या गाठी यकृताच्या दाराशी येऊन बसतात आणि तेच होतं. प्रवाह थांबला की पित्त साचतं, आणि साचलेल्यात जंतू वाढतात. नाली तुंबल्यावर काय होतं ते आपण पावसाळ्यात बघतोच.

पण खरा धोका दाबाचा आहे. नलिकेत एरवी ७ ते १४ सेंटीमीटर पाण्याइतका दाब असतो. तो २५ च्या वर गेला की पित्त उलटं, यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरू लागतं. त्याच्याबरोबर जंतू जातात आणि जंतूंच्या आवरणातलं विषही जातं. हुडहुडी भरते ती तेव्हा. म्हणून पोटातला हा संसर्ग काही तासांत सगळ्या अंगाचा होतो.

थंडी वाजून ताप आलाय. आधी मलेरियाची तपासणी करून घेऊ का?

तपासणी करा, पण हॉस्पिटलात पोचल्यावर. तिचा रिपोर्ट येईपर्यंत घरी बसू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे थंडी-ताप म्हटलं की मलेरिया, टायफॉइड किंवा डेंग्यू, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडी वाजली तर ती ग्वाल्हेरची थंडी, असं मनाने आधीच ठरवलेलं असतं. माझी आत्या अशीच आमच्या हातून जाता जाता राहिली. तिला पित्ताशयाचा कॅन्सर होता, प्लॅस्टिकचा स्टेंट घालून दहा आठवडे झाले होते. डिसेंबरातली रात्र, साडेअकराला तिला हुडहुडी भरली, पलंग हलेल इतकी. वहिनीने दुसरी रजई घातली, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, चहा दिला. अर्ध्या तासाने थांबली, तेव्हा सगळ्यांना वाटलं गारठा होता, गेला. मीही फोनवर "सकाळी बघू" म्हणाले. मी, जिने असे रुग्ण वॉर्डात पाहिले होते. सकाळी सहाला आत्या मला ओळखेना. वरचा रक्तदाब ८० होता.

ती वाचली. पण ते सहा तास मी अजून विसरलेले नाही, आणि हे लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. पित्तनलिका अडलेल्या किंवा स्टेंट असलेल्या रुग्णाला दात वाजवणारी हुडहुडी भरली, तर ती नलिकेतूनच आली असं धरून चालायचं. ती थांबली म्हणजे बरं वाटलं, असा अर्थ काढू नका. जंतूंचा एक लोंढा रक्तात उतरून गेला आहे, एवढंच त्यातून कळतं.

कोणत्या लक्षणांवर लगेच निघायचं?

१८७७ साली शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराची तीन लक्षणं मांडली: थंडी वाजून ताप, कावीळ, आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी त्यात दोन जोडली: रक्तदाब उतरणं आणि भान हरपणं. ही पुढची दोन दिसली म्हणजे आधीच उशीर झालेला असतो.

पुस्तकातली तिन्ही लक्षणं मिळून येतील अशी वाट मात्र पाहू नका. अनेकांना पोटात दुखतच नाही. स्टेंट नुकताच तुंबला असेल तर डोळे पिवळे व्हायच्या आधी ताप येतो. वयस्कर माणसांना, स्टेरॉइड घेणाऱ्यांना कधीकधी ताप येतच नाही. माणूस नुसता गळून जातो, जेवत नाही, बडबडतो किंवा झोपून राहतो. अंग उलट गार पडलं, ९६.८ फॅरेनहाइटच्या खाली गेलं, तर तेही तापाइतकंच वाईट. लघवी कमी झाली, श्वास भरभर चालला, वरचा रक्तदाब ९० च्या खाली आला, यातलं एकही दिसलं की गाडी काढा किंवा १०८ ला फोन करा.

ताप १०० च आहे. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबलं तर?

हुडहुडी असेल तर थर्मामीटरचा आकडा बघत बसू नका. हुडहुडी नाही, पण १००.४ च्या वर गेला, तर त्याच रात्री डॉक्टरांशी बोला. केमो चालू असलेल्यांनी तर नक्कीच, कारण पांढऱ्या पेशी कमी असतील तर शरीर लढणार कशाने?

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू तसेच राहतात. द्यायचंच असेल तर आधी ताप मोजून वेळेसकट लिहून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना खरं चित्र कळेल. आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा दुखण्याची तसलीच गोळी घेऊ नका. अडलेल्या काविळीत मूत्रपिंडं आधीच नाजूक झालेली असतात, त्यात रक्तदाब खाली. अशा वेळी त्या औषधाने ती बसतात.

घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी काढून "निदान एक गोळी तरी" देणं हेही नको. का नको, ते कल्चरच्या प्रश्नात सांगते.

स्टेंट घातला तेव्हा "वाट मोकळी झाली" म्हणाले होते. मग पुन्हा का?

झाली होती. पण स्टेंट म्हणजे परकी नळी, आणि तिच्यामुळे ती झडप कायमची उघडी राहते. आतड्यातले जंतू आता वर चढतात, नळीच्या आतल्या बाजूला चिकट थर करून बसतात, त्यावर पित्ताचा गाळ साचतो. नळी हळूहळू अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते.

प्लॅस्टिकची नळी जेमतेम तीनेक मिलिमीटर जाडीची असते आणि साधारण तीन महिने चालते. म्हणून ती तीन महिन्यांनी बदलायची असते, ताप येवो न येवो. धातूची जाळी उघडल्यावर सुमारे एक सेंटीमीटर रुंद होते आणि जास्त टिकते, बहुधा सहा महिने ते वर्षभर. पण तिच्या छिद्रांतून गाठ आत वाढू शकते.

माझा अनुभव असा की डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिलेली असते आणि घरी कुणी ती वाचत नाही. "आता बरं आहे ना, मग कशाला पुन्हा घशातून नळी घालायची" म्हणून चार महिने होतात, पाच होतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे संकष्टी आणि एकादशी बघता तिथेच, स्टेंट बदलायची तारीख लाल पेनाने लिहा. त्याच्या पंधरा दिवस आधी फोन करून वेळ घ्यायची, हेही लिहा.

कल्चर म्हणजे काय? रक्त दोनदा कशाला घेतात?

रक्त खास बाटल्यांत भरून मशिनमध्ये ठेवतात आणि जंतू वाढतो का ते पाहतात. दोन वेगळ्या जागांहून घेतात, कारण एका जागी कातडीवरचा जंतू चुकून आला असेल तर दुसऱ्यावरून ते कळतं, आणि जास्त रक्त असलं की जंतू सापडण्याची शक्यता वाढते. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं. "आधीच अशक्त आहे, किती रक्त काढता" असं म्हणून सिस्टरला अडवू नका. बाटली अर्धी भरली तर जंतू हातचा निसटतो.

बहुतेक बाटल्यांत जंतू असला तर पहिल्या एक-दोन दिवसांत कळतं. बाटल्या पाच दिवस ठेवतात. त्यानंतर कोणतं औषध त्याला लागू पडतं, हे कळायला आणखी एखाद-दोन दिवस. उपचार तोवर थांबत नाहीत. रक्त काढलं की लगेच औषध सुरू होतं. रक्तदाब उतरलेला असेल तर पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे.

घरची गोळी का नको, तर ती घेतल्यावर रक्तातला जंतू दबतो, कल्चर कोरं येतं आणि डॉक्टरांना अंधारात औषध निवडावं लागतं. दुसरं म्हणजे आपल्या देशात या जंतूंपैकी बऱ्याच जणांवर नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत. क्लेब्सिएला नावाचे काही जंतू तर मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. ज्याला आधी दोन-तीनदा स्टेंट आणि अँटिबायोटिक झालंय, त्याच्यात असा हट्टी जंतू असण्याची शक्यता जास्त. जुना कल्चर रिपोर्ट म्हणूनच सोन्यासारखा जपा. तो पाहून पहिल्या तासातच बरोबर औषध निवडता येतं.

कोणते जंतू असतात? घरातल्या बाकीच्यांना लागतील का?

बहुतेक ई. कोलाय आणि क्लेब्सिएला, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातलेच. स्टेंट असलेल्यांत एन्टेरोकॉकस, स्यूडोमोनास, कधी कॅन्डिडा ही बुरशी, आणि बरेचदा एकाच वेळी दोन-तीन प्रकार. जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. नातवाला मांडीवर घेऊ द्या. हात साबणाने धुवा, तेवढं पुरे.

अँटिबायोटिक चालू आहे, ताप उतरलाही. मग पुन्हा ईआरसीपी (दुर्बिणीतून स्टेंट बदलणं) कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याच ठिकाणी घरचे लोक डॉक्टरांशी भांडतात.

बंद नलिकेत औषध नीट पोचत नाही. रक्तातले जंतू मारले तरी वर पित्तात, नळीच्या थरात ते बसलेलेच असतात. वाट उघडली नाही तर औषध थांबल्याबरोबर ताप परत. या आजाराचा खरा उपचार म्हणजे साचलेलं बाहेर काढणं; अँटिबायोटिक त्याच्या सोबतीला. रुग्ण शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्तदाब कोसळलेला असेल, तर सलाईन, रक्तदाबाची औषधं देऊन शक्य तितक्या लवकर वाट उघडतात. त्यापेक्षा सौम्य असेल तर एक-दोन दिवसांत.

ईआरसीपीत तोंडातून दुर्बीण घालून नलिकेच्या तोंडाशी जातात, जुना स्टेंट काढतात, नवा घालतात. पोटावर काप नसतो. कधी गाठीमुळे दुर्बीण तिथवर पोचत नाही किंवा अडथळा यकृताच्या आत फार वर असतो. मग सोनोग्राफीत बघून बरगड्यांमधून बारीक नळी थेट यकृतातल्या नलिकेत सोडतात आणि पित्त बाहेर पिशवीत घेतात. तिला पीटीबीडी म्हणतात.

त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी होते. पित्त आतड्यात उतरत नसल्याने शरीराला व्हिटॅमिन के मिळत नाही आणि रक्त पातळ होतं. म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारायची वाट न पाहता आधीच सांगा.

वाट उघडल्यावर औषध बहुधा चार ते सात दिवस, रक्तात एन्टेरोकॉकससारखा जंतू सापडला तर दोन आठवडे. मधेच बंद करू नका.

पिशवी लावून घरी आणलंय. काय काळजी घ्यायची?

डिस्चार्जच्या दिवशी गडबड न करता सिस्टरकडून एकदा तुमच्याच हाताने सगळं करून घ्या. नुसतं बघून येत नाही.

पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहिली पाहिजे, म्हणजे पित्त परत वर जात नाही. झोपताना कूस बदलली की नळी ताणली जाते. कातडीला चिकटपट्टीने एक सैल वळसा देऊन ठेवा. रोज ठरलेल्या वेळी किती मिलिलिटर जमलं आणि रंग कसा, हे वहीत लिहा. सलाईनने नळी धुवायला सांगितली असेल तर सांगितली तेवढीच, हलक्या हाताने. जोर लावायचा नाही, सिरिंजने मागे ओढायचं नाही. पित्त बाहेर जातं म्हणजे पाणी आणि क्षारही जातात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, असा रुग्ण दोन दिवसांत सुकतो. ओआरएस किती द्यायचं ते विचारून ठेवा.

पित्त एकाएकी यायचं थांबलं, नळीच्या बाजूने गळू लागलं, लाल झालं किंवा नळी बाहेर सरकली, तर त्याच दिवशी दाखवा. काहींची नळी टोपण लावून बंद ठेवलेली असते, पित्त आत जावं म्हणून. अशा रुग्णाला ताप आला तर टोपण उघडून पिशवी जोडायची आणि निघायचं. हे कसं करायचं ते आधी शिकून घ्या, तापाच्या रात्री पहिल्यांदा नको.

खाण्यात काही चुकलं का? परवा लग्नात पुरी-श्रीखंड खाल्लं होतं.

नाही. पुरीने स्टेंट तुंबत नाही. सुनेला बोल लावू नका.

शेजारचे म्हणतात, पीलिया (कावीळ) झाडून घ्या.

माळ घालतात, हात चुन्याच्या पाण्यात धुवून पिवळं पाणी दाखवतात, मला माहीत आहे. साथीची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, त्यामुळे झाडणाऱ्याचं नाव होतं. ही कावीळ वेगळी. नलिका दाबलेली आहे. ती उघडेपर्यंत उतरणार नाही. लघवी गर्द, शौच मातीसारखं पांढुरकं, अंगाला खाज, असं असेल तर सोनोग्राफी आधी. मनाच्या समाधानासाठी गळ्यात माळ घालायची असली तर घाला, पण ती हॉस्पिटलच्या रस्त्यावर गाडीत घाला.

केमो लांबलं. तेवढ्यात कॅन्सर वाढणार नाही का?

ही भीती खरी आहे. पण रक्तात जंतू असताना केमो दिलं तर ते जीवावर बेततं. संसर्ग आटोक्यात यायला हवा आणि बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) उतरायला हवं, कारण काही औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. वाट नीट उघडली तर बहुधा काही आठवड्यांत केमो पुन्हा सुरू होतं. स्टेंट वेळेवर बदलणारे रुग्ण केमोचे कमी डोस चुकवतात, म्हणून त्या लाल पेनाच्या तारखेवर मी इतकी अडून बसते.

ग्वाल्हेरातच ठेवू की सरळ दिल्लीला नेऊ?

आधी इथल्या जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात. दिल्ली सुमारे ३२० किलोमीटर आहे, आणि जानेवारीच्या धुक्यात गाडी किती वाजता पोचेल याचा भरवसा नसतो. रक्तदाब पडलेला रुग्ण सलाईन-औषधाशिवाय इतका प्रवास करू शकत नाही. इथे कल्चर, पहिला डोस आणि सलाईन होऊ द्या. मग इथे ईआरसीपी किंवा पीटीबीडी लगेच होत असेल तर इथेच. नसेल तर स्थिर करून, रिपोर्टची प्रत आणि पुढच्या हॉस्पिटलशी बोलणं करून हलवा. कॅन्सरचे उपचार मुंबईला टाटात चालू असले तरी हा ताप पंजाब मेलच्या तिकिटाची वाट बघत नाही. तिकडच्या डॉक्टरांना फोनवर कळवा, फाइलचे फोटो पाठवा.

फाइलमध्ये सगळ्यात वर एक कागद ठेवा: कॅन्सर कोणता, शेवटचा स्टेंट कधी आणि कसला, शेवटचं केमो कधी, जुन्या कल्चरमध्ये काय निघालं, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला जाड फाइल चाळायला वेळ नसतो.

खर्चाचं काय?

आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि ७० च्या वरच्यांना आता उत्पन्नाची अट नाही. कार्ड आजारपण यायच्या आधी काढून ठेवा. कोणती प्रक्रिया आणि कोणता स्टेंट त्यात बसतो, हे भरती होतानाच तिथल्या आयुष्मान खिडकीवर विचारा. धातूचा स्टेंट महाग असतो, पण ज्याच्यापुढे बरेच महिने आहेत त्याला दर तीन महिन्यांच्या ईआरसीपीपेक्षा तो बहुधा परवडतो. डॉक्टरांना हा हिशेब मोकळेपणाने विचारा, त्यात लाज नाही.

रक्तात जंतू निघाले म्हणजे शेवट आला का?

नाही, आणि हे मला मोठ्याने सांगायचं आहे. रिपोर्ट ऐकून घरचे हात टेकतात. "कॅन्सर पसरला, आता काय" म्हणतात. कॅन्सर रक्तात पसरला नाहीये. हा त्याच्यावर बसलेला दुसरा आजार आहे, गंभीर आहे, माणूस यात जाऊ शकतो. पण वेळेत औषध मिळालं आणि वाट उघडली तर बहुतेक जण यातून उठतात. आत्याचा रक्तदाब ८० होता, त्या दुपारी स्टेंट बदलला, तिसऱ्या दिवशी तिने वहिनीकडे मऊ भात मागितला. संक्रांतीला ती घरी होती, तिळगूळ तिने स्वतः वाटला. त्यानंतर सात महिने मिळाले.

आईच म्हणते, आता पुन्हा नळी नको. काय करावं?

तिचं ऐका, पण आधी तिला नीट विचारा की तिला नको काय आहे. बऱ्याचदा त्रास वाटत असतो तो उपाशी ठेवण्याचा, परत परत सुया टोचण्याचा, स्ट्रेचरवर तासन् तास थांबण्याचा. त्यातलं बरंच कमी करता येतं. आणि डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा: या नळीने खाज जाईल का, ताप थांबेल का, ती घरी किती दिवस चालती-बोलती राहील? ही उत्तरं ऐकून ती "हो" म्हणू शकते.

ऐकूनही ती नको म्हणाली, आणि आजार खरंच त्या टप्प्याला आला असेल, तर तो तिचा निर्णय. मग ताप, वेदना, खाज, मळमळ यांची औषधं आधी घरात आणून ठेवा. मॉर्फिन लागणार असेल तर ते कुठल्या हॉस्पिटलातून मिळतं, चिठ्ठी कोण देतं, आणि रात्री घरी येऊन इंजेक्शन देईल अशी नर्स कोण, हे एका कागदावर लिहून तिच्या उशाशी ठेवा.